एकट्यानें चालविलेला धंदा आणि विक्रीची आखणी

नागपूर शहरांत इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत पायीं फेरी मारली, तर मोठ्या पेढ्यांच्या आणि झगझगीत दुकानांच्या मधून मधून एकेकट्या माणसानें चालविलेले किती तरी धंदे दृष्टीस पडतात. कोणी वह्या बांधून देतो, कोणी घड्याळें दुरुस्त करतो, कोणी शिकवण्या करतो, कोणी दुसऱ्यांचीं आयकराचीं विवरणपत्रें भरून देतो. महालांत आणि धरमपेठेंत घरच्या घरीं लोणचीं, पापड व मसाले करून विकणाऱ्या बायांची संख्याही लहान नाहीं. ह्यांपैकीं कोणापाशीं गुमास्ता नसतो कीं फिरता विक्रेता नसतो. कच्चा माल आणणारा, तो तयार करणारा, विकणारा, पोंचविणारा आणि हिशेब लिहिणारा असा सारा कारभार एकाच माणसाच्या अंगावर असतो. अशा धंद्यांत विक्रीची व्यवस्था कशी लावावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. एकट्याचे धंदे पुष्कळदां माल वाईट म्हणून बसत नाहींत. ते एका ठराविक चक्रांत सांपडून बसतात. हातांत काम भरपूर असलें म्हणजे नवें गिऱ्हाईक शोधण्यास सवड राहत नाहीं. काम उरकतें, तेव्हां ध्यानांत येतें कीं पुढच्या महिन्याची मागणीच कोणाची नाहीं. मग घाईघाईनें दारोदार हिंडणें सुरू होतें. मिळेल त्या किमतीस, मिळेल त्या माणसास, वाटेल तितक्या उधारीनें माल दिला जातो. आणि त्या मागण्या पुऱ्या करण्यांत पुन्हां विक्रीचें काम मागें पडतें. एक महिना पूर, दुसरा महिना दुष्काळ! घरभाडें, मुलांची फी आणि औषधपाणी मात्र एक महिन्याआड येत नाहीं. दोन वर्षें अशीं ओढाताणींत गेलीं, कीं घरचीं माणसें म्हणूं लागतात, "हा धंदा आपल्याला मानवत नाहीं." वास्तविक धंदा मानवलेला असतो, विक्रीला दिवसांतील ठराविक वेळ कधींच दिलेला नसतो.

आपल्या शिकलेल्या कुटुंबांत ह्या दुर्लक्षाला आणखी एक कारण आहे. माल तयार करणें ही आपणांस कला वाटते आणि तो विकणें ही याचना वाटते. उत्तम माल घरांत ठेवून गिऱ्हाइकानें शोधीत यावें, अशी आपली मनांतून अपेक्षा असते. ही अपेक्षा खुद्द महाराष्ट्रांतील मोठ्या धंद्यांच्या इतिहासाला धरून नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचें नांव आज सर्वांस ठाऊक आहे. १८८८ सालीं बेळगांवीं निघालेलें सायकलींचें लहानसें दुकान ही त्यांच्या उद्योगाची सुरुवात. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. पण लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले मोजके नांगर खपण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. नांगर चांगला होता, हें पुढच्या काळानें दाखविलें. परंतु तो चांगला आहे ही गोष्ट शेतकऱ्याच्या गळीं उतरविण्याचें काम नांगर स्वतः करूं शकत नव्हता. तें माणसालाच करावें लागलें.

दुसरें उदाहरण नागपूरशीं जवळचा संबंध असलेलें आहे. केशव विष्णु पेंढरकर हे नागपुरांत किराणा मालाचें दुकान चालवीत. नंतर ते मुंबईस गेले आणि १९५२ सालीं परळ येथील लहानशा जागेंत त्यांनीं वनौषधींचें दंतमंजन करण्यास आरंभ केला. विको वज्रदंती ह्या नांवानें पुढें देशभर गेलेलें मंजन तें हेंच. त्या वेळीं जाहिरातीस पैसा नव्हता. मंजनाचे डबे घेऊन पेंढरकरांचीं मुलें घरोघर गेलीं, आणि पहिलीं गिऱ्हाइकें अशीं एकेका दारांतून मिळालीं. दूरदर्शनवरील जाहिरातींचे दिवस फार पुढचे, १९८० नंतरचे. ज्या धंद्याची जाहिरात आपण घरीं बसून ऐकली, त्याची मुळें कोणाच्या तरी दारांत उभें राहून बोलण्यांत आहेत, हें लक्षांत ठेवलें म्हणजे विक्रीविषयींचा संकोच बराच ओसरेल.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. आखणीची पहिली पायरी म्हणजे कागदावरचा हिशेब. तो स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊं. महालांत राहणाऱ्या एका बाईंनीं घरगुती मसाल्याचा धंदा सुरू केला आहे असें समजा. कळमन्याच्या बाजारांतून भिवापुरी मिरची आणावयाची, वर्धा जिल्ह्यांतील वायगांवची हळद मागवावयाची, मसाला भाजून कुटून घ्यावयाचा आणि अर्ध्या किलोचे पुडे विकावयाचे. पुड्याची किंमत ३०० रुपये. मिरची, दळणकांडप, पिशवी व वाहतूक मिळून खर्च २०० रुपये. हातीं उरले १००. घराला महिना १५,००० रुपये हवे आहेत. येथें पुष्कळ जण "म्हणजे दीडशें पुडे" इतकें म्हणून थांबतात. खरा हिशेब येथून पुढें सुरू होतो, कारण पुडे मोजून काम भागत नाहीं. घेणारीं माणसें मोजावीं लागतात.

असें धरूं कीं सहा खानावळी महिन्याला प्रत्येकीं १० पुडे घेतात. पण त्या घाऊक गिऱ्हाईक असल्यामुळें त्यांना पुडा २६० रुपयांस द्यावा लागतो. साठ पुड्यांवर साठ रुपयांप्रमाणें ३,६०० रुपये सुटले. राहिलेले ११,४०० रुपये घरगुती गिऱ्हाइकांकडून यावयाचे, आणि एक कुटुंब महिन्याला एक पुडा घेतें असें मानल्यास ११४ कुटुंबें हवीं. ही संख्या समोर आली म्हणजे धंद्याचें स्वरूप बदलतें. "चार ओळखीच्या घरीं देऊन पाहूं" ही भाषा आतां पुरत नाहीं.

हीं ११४ कुटुंबें यावयाचीं कोठून? दहा अनोळखी घरीं नीट जाऊन बोललें, तर सहा घरें वानगी ठेवून घेतील; त्यांतील तीन पहिला पुडा घेतील; आणि दर महिन्याला नियमानें घेणारीं दोन राहतील, असा अंदाज धरूं. प्रत्येकाच्या धंद्याचें प्रमाण निराळें निघेल; तें स्वतःच्या वहीवरूनच ठरवावें लागतें. पण ह्या प्रमाणानें ११४ नियमित घरांसाठीं ५७० घरीं जावें लागेल. रोज तीन नवीं घरें, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे महिन्याला ७८ घरें. ५७० घरांना सात महिन्यांहून थोडा अधिक काळ लागला.

परंतु ह्यांत एक गोष्ट धरावयाची राहिली, ती गळतीची. कोणाची बदली होते, कोणाची सून घरीं मसाला करूं लागते, कोणाला दुसऱ्याचा मसाला आवडतो. दर महिन्याला विसांतील एक गिऱ्हाईक सुटतें असें मानलें, तर सात महिन्यांचे जवळजवळ नऊ महिने होतात. आणि पुढें ११४ घरें पुरीं भरल्यावरही महिन्याला सहा घरें गळतच राहणार. तीं भरून काढण्यास तीस नव्या घरीं जावें लागेल, म्हणजे दर महिन्याला दहा दिवसांचें विक्रीचें काम कधींच संपणारें नाहीं. पूर आणि दुष्काळ ह्यांचें रहस्य ह्या आंकड्यांत आहे. गिऱ्हाइकें पुरीं झालीं म्हणून ज्यानें नवीं दारें ठोठावणें बंद केलें, त्याच्या विक्रीला त्या दिवसापासूनच उतार लागलेला असतो. खपाच्या आंकड्यांत तो दोन-तीन महिन्यांनीं दिसतो, इतकेंच.

ह्या हिशेबावरून आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. नऊ महिने मिळकत थोडी थोडी वाढत जाणार असेल, तर तेवढे दिवस घर कशावर चालवावयाचें हें आधींच ठरलें पाहिजे. शिल्लक आहे का, नवऱ्याचा किंवा मुलाचा पगार आहे का, कीं आरंभीं अर्धा वेळ दुसरें काम करावयाचें? ज्या कुटुंबानें हा विचार केला नाहीं, तें चौथ्या महिन्यांत धीर सोडतें, आणि नेमक्या रुजूं लागलेल्या धंद्यावर पाणी सोडतें.

दुसरी पायरी वेळेच्या वाटणीची. एकट्या माणसाचें खरें भांडवल पैसा नसून वेळ असतो. दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर २०८ तास हातीं येतात. वरील उदाहरणांत खानावळींचे ६० आणि घरांचे ११४ मिळून १७४ पुडे तयार करावयास ९० तास, पोंचविण्यास व वसुलीस ५० तास, खरेदी आणि हिशेब ह्यांस २८ तास लागले, तर ४० तास उरतात. दिवसाला दीड तास झाला. हा दीड तास नव्या विक्रीचा. तो उरलासुरला वेळ म्हणून राखूं नये. दिवसाच्या आरंभीं ठेवावा, आणि मागणीची कितीही गर्दी असली तरी त्यास हात लावूं नये. गर्दी फारच झाली तर पुडा चार दिवस उशिरां देण्याची आधीं परवानगी मागावी. तें गिऱ्हाईक बहुधा समजून घेतें. न भेटलेलें गिऱ्हाईक मात्र आपली वाट पाहत थांबत नाहीं.

वेळेची वाटणी करतांना गांवाचा आणि ऋतूचा विचार केला पाहिजे. सोमवारीं महाल, मंगळवारीं धरमपेठ व गोकुळपेठ, बुधवारीं सदर, अशी एका दिवशीं शहराची एकच बाजू ठेवली तर जाण्यायेण्यांतील वेळ वांचतो, आणि त्याच फेरींत जुन्या गिऱ्हाइकांना माल पोंचतो. एप्रिलपासून जून उजाडेपर्यंत नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधीं त्याच्याही वर चढतो. त्या दिवसांत सकाळीं आठ ते दहा किंवा दिवेलागणीच्या सुमारासच कोणाच्या दारीं जावें. दुपारीं दार ठोठावणाऱ्याचा माल कितीही चांगला असला तरी स्वागत होत नाहीं. वर्षाचें तिखट करून ठेवण्याचा रिवाज असलेलीं घरें आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. त्यांची मागणी चैत्र-वैशाखांत मागून उपयोग नाहीं. माघ-फाल्गुनांतच तीं घरें गांठून, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन नांवें लिहून ठेवलीं, तर मिरचीच्या खरेदीस लागणारें भांडवलही त्यांतूनच उभें राहतें. डिसेंबरांत विधिमंडळाचें अधिवेशन नागपुरास भरतें आणि बाहेरची वर्दळ वाढते, तेव्हां खानावळींचा खप वाढतो; त्यांच्याशीं बोलणें नोव्हेंबरांतच उरकलेलें असावें. मसाल्याऐवजीं वह्या बांधण्याचा धंदा असेल तर जून महिना ध्यानांत ठेवावा, शिकवण्यांचा असेल तर परीक्षांचे निकाल. प्रत्येक धंद्यानें आपलें स्वतःचें पंचांग तयार करावें, आणि मागणीच्या दोन महिने आधीं विक्रीची तिथि मांडावी.

तिसरी पायरी बोलण्याची. विक्रीचें बोलणें जन्मजात असतें, शिकून येत नाहीं, अशी एक समजूत आहे. अमेरिकेंतील डेटन शहरीं जॉन पॅटर्सन ह्यांची रोकडयंत्रांची कंपनी होती. त्यांच्या एका यशस्वी विक्रेत्याच्या, जोसेफ क्रेन ह्यांच्या, बोलण्यावरून १८८७ सालीं एक छोटी पुस्तिका तयार करण्यांत आली आणि ती इतर विक्रेत्यांना पाठ करावयास लावली. तींत विक्रीच्या संभाषणाचे चार भाग पाडले होते. प्रथम ओळख, मग आपलें म्हणणें मांडणें, मग वस्तु प्रत्यक्ष चालवून दाखविणें, आणि शेवटीं मागणी घेणें. दुसऱ्याचें बोलणें पाठ करून दारोदार म्हणावें असें येथें सुचवावयाचें नाहीं. पोपटपंची लगेच ओळखूं येते. घेण्यासारखा भाग एवढाच कीं चारांपैकीं कोणतीही पायरी गाळूं नये, आणि आपली बहुतेक माणसें नेमकी चौथी गाळतात. मालाचें वर्णन होतें, वानगी दिली जाते, चहा होतो, आणि "बरें, येतें मग" असें म्हणून बाई परत येतात. पुढें काय, हें दोघींपैकीं कोणीच ठरविलेलें नसतें.

त्याऐवजीं असें म्हणतां येईल: "काकू, ही एका भाजीपुरती वानगी आहे. रविवारीं घालून पाहा. मंगळवारीं सकाळीं मी ह्याच बाजूला येतें, तेव्हां कसा लागला तें विचारून जाईन. आवडला तर एक पुडा देऊन जाईन." ह्यांत आग्रह नाहीं, आर्जव नाहीं, पण वानगीला दिवस आहे, परत येण्याला दिवस आहे, आणि नाहीं म्हणण्यास वावही आहे. खानावळीच्या मालकाशीं बोलतांना चवीचें वर्णन फारसें कामीं येत नाहीं. त्याला आपल्या रश्श्याची चव महिनाभर सारखी हवी असते, आणि ऐन गर्दीच्या दिवशीं मसाला संपूं नये एवढी काळजी असते. तेव्हां "भाऊ, दर सोमवारीं दहाच्या आंत माल येईल, आणि एका हंगामाची मिरची मी एकदम भरतें म्हणून चव बदलणार नाहीं," हें वाक्य त्याच्या उपयोगाचें. तेंही खरें असेल तरच बोलावें. एकट्या माणसाचें एक वचन चुकलें, तर दोष देण्यास दुसरा कोणी गुमास्ता नसतो.

चौथी पायरी वहीची. रोजकीर्द व खतावणी आपण पैशांची ठेवतों. तशीच एक वही माणसांची ठेवावी. तींत नांव-पत्ता, ओळख कोणी करून दिली, पहिल्या भेटीची तारीख, वानगी दिली कीं नाहीं, गिऱ्हाईक आपल्या शब्दांत काय म्हणालें, पहिली मागणी, आणि शेवटीं पुढील भेटीचा दिवस असे रकाने असावेत. मोबाइलवरही ही वही ठेवतां येते. साधन कोणतेंही असो, शेवटचा रकाना कधीं रिकामा राहूं नये. एक तर तेथें तारीख असावी, नाहीं तर नांवावर रेघ मारलेली असावी. तीन भेटींनंतरही होकार नसेल तर खुशाल रेघ मारावी. अर्धवट आशेवर ठेवलेलीं पन्नास नांवें हीं एकट्या माणसाच्या वेळेवरचें कर्ज होत.

महिन्याच्या शेवटीं ह्या वहींतून चार आंकडे काढावेत. किती घरीं गेलों, कितींनीं वानगी ठेवली, कितींनीं पहिला पुडा घेतला, आणि कितींनीं दुसरा मागितला? ह्या चार आंकड्यांवरून दुखणें कोठें आहे तें वैद्याच्या नाडीपरीक्षेप्रमाणें कळतें. वानगीच कोणी ठेवून घेत नसेल, तर वस्ती तरी चुकली आहे किंवा जाण्याची वेळ तरी. वानगी ठेवतात पण पुडा घेत नाहींत, तर चव किंवा किंमत तपासावी. पहिला पुडा घेतात पण दुसरा मागत नाहींत, तर माल वानगीसारखा उतरला नाहीं, अथवा आपण वेळेवर पोंचलों नाहीं. हें निदान न करतां "विक्री कमी आहे, किंमत उतरवा" असा उपाय बहुतेक करतात. ३०० चा पुडा २७० ला दिला, तर शंभराचा नफा सत्तरावर येतो, आणि तेवढ्याच मिळकतीसाठीं दहाऐवजीं चौदा-पंधरा पुडे करावे, पोंचवावे व विकावे लागतात. एकट्या माणसापाशीं तेवढे जादा तास कोठून यावयाचे?

उलट, समाधानी गिऱ्हाइकानें सांगितलेलें नांव हें अनोळखी घरापेक्षां पुष्कळ मोलाचें असतें. तिसरा पुडा घेणाऱ्या प्रत्येक घरीं एकदांच, सरळ शब्दांत विचारावें, "तुमच्या बहिणीकडे किंवा शेजारीं कोणाला उपयोग होईल का?" असें नांव मिळालें कीं त्यापुढें वहींत ओळख करून देणाऱ्याचें नांव लिहावें, आणि माल गेल्यावर त्यांना दोन शब्द आभाराचे कळवावेत.

पांचवी पायरी उधारीची, आणि धंदे बुडतात ते पुष्कळदां ह्याच पायरीवर. घरगुती विक्री रोखीची ठेवणें आतां कठीण राहिलेलें नाहीं. २०१६ पासून युपीआयची सोय झाल्यामुळें सुटे पैसे नाहींत ही सबबही उरली नाहीं. प्रश्न येतो तो खानावळी, दुकानें व कचेऱ्या ह्यांचा. एका खानावळीनें १० पुड्यांचे २,६०० रुपये बुडविले असें समजा. त्यांत आपल्या पदरचे २,००० रुपये गेले. एका पुड्यावर साठ रुपये सुटत असतील, तर तेवढी भरपाई होण्यास ३४ पुडे विकावे लागतील; म्हणजे तशाच दुसऱ्या खानावळीचा तीन महिन्यांहून अधिक खप केवळ भोंक बुजविण्यांत जाईल. म्हणून नियम असा कीं मागचे पैसे आल्याशिवाय पुढचा माल नाहीं, आणि कोणाकडेही एका वेळच्या मालापेक्षां जास्त उधारी नाहीं. हा नियम पहिल्याच दिवशीं, माल देण्यापूर्वीं, हंसून सांगावा. पैसे थकल्यावर सांगितलेला नियम भांडणासारखा वाटतो.

कायद्याचा आधारही ठाऊक असावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणें, लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतींत, पण कोणत्याही परिस्थितींत ४५ दिवसांच्या आंत, आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आंत, माल घेणाऱ्यानें लहान उत्पादकाचे पैसे चुकते केले पाहिजेत. न केल्यास रिझर्व्ह बँकेनें जाहीर केलेल्या बँकदराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढ पद्धतीनें व्याज द्यावें लागतें. ह्या संरक्षणासाठीं धंद्याची नोंदणी झालेली असावी. १ जुलै २०२० पासून ती उद्यम नांवाच्या व्यवस्थेंत होते. खाद्यपदार्थ विकणाऱ्यानें अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीही केली पाहिजे. परंतु कायदा हा शेवटचा उपाय. वसुलीसाठीं भांडण्यांत गेलेला दिवस हा तीन नवीं घरें न पाहिलेला दिवस असतो. तेव्हां बिल मालाबरोबरच द्यावें, पैसे देण्याची तारीख त्यावर लिहावी, आणि त्या तारखेच्या सकाळीं आठवण द्यावी. तारीख उलटून गेल्यावर मागण्यापेक्षां त्या दिवशीं मागणें दोघांनाही सोपें जातें.

येथें एक शंका निघेल. इतकें सारें वहींत आणि वेळापत्रकांत बसविलें, तर एकट्याच्या धंद्यांतील मोकळेपणा कोठें राहिला? नोकरी नको म्हणून तर हा मार्ग धरला! शंका रास्त आहे. पण आखणी नसलेल्या धंद्यांत मोकळेपणा असतो तो फक्त रिकाम्या महिन्यांत, आणि तो कोणालाच नको असतो. दीड तास ठरलेला असला, म्हणजे उरलेला दिवस निर्धास्त मनानें काम करतां येतें. शिवाय ह्या वहीमुळें नाहीं म्हणण्याचें बळ येतें. पुढच्या दोन महिन्यांच्या मागण्या समोर लिहिलेल्या असल्या, तर पुडा २२० ला मागणाऱ्या आणि पैसे दिवाळीनंतर देऊं म्हणणाऱ्या माणसाला नम्रपणें नकार देतां येतो. रिकाम्या वहीच्या मालकाला तो नकार परवडत नाहीं.

आखणीचा शेवटचा भाग सर्वांत अप्रिय आहे, तरी तो आरंभींच लिहून ठेवावा. अमुक महिन्यापर्यंत अमुक इतकीं नियमित गिऱ्हाइकें झालीं नाहींत, तर काय करावयाचें? वरील उदाहरणांतील बाईंना पांच महिन्यांत, दररोज तीन घरें नेमानें पाहूनही, सत्तरऐवजीं पंधराच घरें मिळालीं, तर त्यांनीं आणखी जोरानें हिंडण्यांत अर्थ नाहीं. माल, किंमत, वस्ती ह्यांतील कांहीं तरी मुळांत बदललें पाहिजे. किंवा मसाला सोडून त्याच घरांना लागणारी दुसरी वस्तु धरली पाहिजे. मात्र रोजचीं तीन घरें पाहिलींच नसतील, तर दोष मालाला देऊं नये. त्याची अजून परीक्षाच झालेली नाहीं. ह्या दोन स्थितींतील फरक दाखविणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वही. आणि घरच्या मंडळींनींही धंदा चालूं ठेवावा कीं बंद करावा ह्याचा निर्णय एखाद्या कोरड्या महिन्याच्या तोंडीं न घेतां ती वही मध्यें ठेवून घ्यावा.

आपल्या घरांतून कोणी असा धंदा मांडण्याच्या विचारांत असेल, एखादी सून, एखादा सेवानिवृत्त गृहस्थ, किंवा नोकरीच्या रांगेंत उभें राहून कंटाळलेला मुलगा, तर त्याच्या मालाचें कौतुक आपण कराल यांत शंका नाहीं. त्याबरोबर त्यास दोन प्रश्न विचारावेत. तुला किती माणसांनीं दर महिन्याला विकत घ्यावयास हवें आहे? आणि त्यांतील पहिल्या तिघांकडे तूं उद्यां किती वाजतां जाणार आहेस? दोहोंचीं उत्तरें आंकड्यांत मिळालीं, म्हणजे आखणीला आरंभ झाला असें समजण्यास हरकत नाहीं.